पाचाची चाल चारात

प्रिय सुध्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकणार होतो पण हे तिथे मावणारं नाही, म्हणून सरळ पत्रच लिहितोय, सावकाश वाच, चहा घेऊन बस. विषय एकच आहे. इंग्लंडमध्ये लीड्सला असताना चॅनल फोरवर 'द सीक्रेट लाइफ ऑफ मशीन्स' लागायचं ना, मशीनच्या आत काय चालतं ते दाखवणारं, त्याचं टायटल म्युझिक. ते सॅक्सोफोनवालं. सध्या ते डोक्यातून जातच नाहीये आणि इथे कोणाला सांगणार, इथल्या कोणाच्याच आठवणीत ते नाही, तुझ्या आहे.

झालं असं की तो प्रोग्रॅम करणाऱ्या टिम हंकिनने ते सगळे एपिसोड नीट साफसूफ करून स्वतःच यूट्यूबवर टाकलेत. मी भोसरीच्या वर्कशॉपवर नवीन पोरं घेतली की त्यांना त्यातले एक-दोन दाखवतो. आयटीआय करून आलेली पोरं, हात चांगला असतो, पण वॉशिंग मशीनच्या आत काय चाललंय हे कोणी कधी मजेत सांगितलेलंच नसतं रे त्यांना. तर शिलाई मशीनचा भाग लावला, ते म्युझिक सुरू झालं आणि मी पुढचं काही ऐकलंच नाही. एक पोरगा नंतर लेथवर काम करताना तीच चाल गुणगुणत होता. त्याला ना जमैका माहीत ना जाझ. आपल्याला तरी तेव्हा कुठे माहीत होतं?

तुला तो बैठकीच्या खोलीतला टीव्ही आठवत असेल, घरमालकाचा, ज्याचा आवाज कमी करायचं बटणच चालायचं नाही. पहिली सिरीज १९८८ची, ती आपण व्हिडिओ कॅसेटवर मागून पाहिली, पण १९९१ची आणि मग १९९३ची ऑफिसवाली, फॅक्स, फोटोकॉपियर, लिफ्ट वगैरे, त्या लागतील तशा बघितल्या. टिम म्हणजे केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकलेला पण पोटापाण्यासाठी कार्टून काढणारा माणूस, ऑब्झर्व्हर पेपरात त्याची कार्टूनं वर्षानुवर्षं यायची, आणि बरोबर रेक्स गॅरड, ज्याच्या हाताला काहीही बनवता यायचं. व्हिडिओ रेकॉर्डरच्या भागात त्यांनी साध्या चिकटपट्टीला गंज फासला आणि त्याच्यावर आवाज रेकॉर्ड करून दाखवला, आठवतं? गंज! आपण थर्ड इयरला मॅग्नेटिझमचा अख्खा पेपर देऊन आलो होतो आणि चुंबकीय टेप म्हणजे नक्की काय हे त्या एका मिनिटात कळलं. तू उठून उभाच राहिला होतास.

पण मला आज बोलायचंय ते त्या ट्यूनवर. अशा प्रोग्रॅमला लोक काय म्युझिक लावतात ते तुला माहितीये, सिंथेसायझरवरचं काहीतरी चकचकीत, 'आता विज्ञान येत आहे' असं ओरडणारं. यांनी काय लावलं, तर जमैकातल्या किंग्स्टनच्या स्टुडिओत झालेलं १९६८चं रेकॉर्डिंग, जरा खरखरीत, सॅक्सोफोन अगदी आरामात आपल्याच तंद्रीत वाजतोय आणि खाली गिटारचा तो चक् चक् ठेका. त्यात घाई कसली ती नाहीच. ऐकलं की वाटायचं, चला, आता कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन निवांत बसणार आहे, आपल्याला पण बाजूला सरकून जागा देणार आहे.

त्याचं नाव आपल्याला कळलं ते लीड्सच्या चॅपलटाउन भागात. शेजारचे ते जमैकन आजोबा, ज्यांच्याकडे पंचेचाळीस आरपीएमच्या रेकॉर्डांचा बॉक्स होता. ऑगस्टमधल्या कार्निव्हलच्या आठवड्यात त्यांच्या दारात स्पीकर लावलेले असायचे, आणि तिथे अचानक आपली टीव्हीवरची ट्यून पूर्ण वाजली, टीव्हीवर अर्धवट तोडलेली ती इथे चालूच राहिली, पुढे सॅक्सवाला भटकत भटकत कुठे कुठे जाऊन आला. तू धावत गेलास आणि विचारलंस हे टीव्हीवरचं म्युझिक तुमच्याकडे कसं, तर ते इतके हसले! लेबल दाखवलं. व्हॅल बेनेट, 'द रशियन्स आर कमिंग'. निर्माता बनी ली. त्यांनी सांगितलं की हाच बेनेट 'रिटर्न ऑफ जँगो'मध्ये वाजवतो, अपसेटर्स या जमैकन बँडच्या, जे १९६९मध्ये ब्रिटनच्या चार्टवर पाचव्या नंबरपर्यंत गेलं होतं. ते गाणं आपण कार्निव्हलमध्ये ऐकलेलंच होतं की, वाजवणारा तोच हे मात्र तेव्हा कळलं. आणि जाता जाता आजोबा म्हणाले, ही चाल मुळात अमेरिकन आहे, ब्रुबेकची.

मग लायब्ररीतून 'टाइम आउट'ची कॅसेट आणली आपण. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट, १९५९, 'टेक फाइव्ह'. चाल ब्रुबेकचीही नाही म्हणा, त्याच्या ग्रुपमधल्या पॉल डेझमंडची, अल्टो सॅक्स वाजवायचा तो. ड्रमर जो मोरेलोला मोकळेपणाने वाजवायला मिळावं म्हणून केलेलं ते. आज जगात ते इतकं गाजलेलं आहे की लोक डोळे मिटून ओळखतात, पण आपल्या दोघांना त्या दिवशी ते ऐकताना काय झालं ते तुला आठवतंय ना? सूर तोच, पण चाल पुढे पुढे पळतेय, कुठेतरी एक मात्रा जास्तीची येतेय. तू लगेच टेबलावर बोटं धरलीस. एक दोन तीन, एक दोन. एक दोन तीन, एक दोन. म्हणालास, अरे हा तर झपताल अर्धा केलाय आणि उलटा घातलाय, आपल्याकडे 'धीं ना, धीं धीं ना' म्हणजे दोन आणि तीन, याचं तीन आणि दोन. आणि मग परत बेनेटची आठवून आठवून वाजवलीस, आणि ती सरळ चारात बसली! पाच मात्रांची चाल त्या माणसाने चार मात्रांत उतरवली, कुठे सूर थोडा ताणला, कुठे श्वास घ्यायला जागा सोडली, आणि कुठेही कापल्यासारखं वाटत नाही. मला हे आजही थोर वाटतं. मूळ चाल जिच्यामुळे प्रसिद्ध आहे तीच गोष्ट काढून टाकायची आणि तरी चाल जिवंत ठेवायची, याला छाती लागते.

आणि रेगेचा, म्हणजे बेनेटच्या त्या जमैकन संगीताचा, ठेका तरी काय, तूच मला समजावला होतास. गिटार आणि पियानो मात्रेवर वाजतच नाहीत, दोन मात्रांच्या मधे वाजतात. बास सगळी जागा भरत नाही, दोन सूर म्हणतो आणि गप्प बसतो. आणि पुढे ज्याला वन ड्रॉप म्हणायला लागले त्यात तर ड्रमर पहिल्या मात्रेवर हातच टाकत नाही, तिसरीवर टाकतो. म्हणजे आपल्या भाषेत समच मोकळी. सम मोकळी सोडून पण ती कुठे आहे ते ऐकणाऱ्याच्या पायाला बरोबर कळतं. तू तेव्हा म्हणाला होतास की तबल्यावर समेला हात न टाकता थांबायचं म्हणजे गुरुजींची थप्पड. १९६८ हे किंग्स्टनमध्ये रॉकस्टेडी, म्हणजे रेगेच्या आधीचा प्रकार, संपून रेगे सुरू व्हायचं वर्ष, त्यामुळे या रेकॉर्डमध्ये दोन्हीची चव आहे, अजून पक्कं काही ठरलेलं नाही अशी. मला वाटतं त्यातला तो निवांतपणा तिथूनच येतो.

तिथली बँडवाली पोरं कशी तयार झाली ते पण मी नंतर वाचलं. किंग्स्टनमध्ये अल्फा बॉइज स्कूल म्हणून नन्सनी चालवलेली शाळा, गरीब आणि अनाथ मुलांची, तिथे पोरांच्या हातात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्स द्यायचे. डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, रिको रॉड्रिग्ज सगळे तिथून निघाले. रात्री हॉटेलात जाझ वाजवायचे आणि दिवसा स्टुडिओत जाऊन स्का, म्हणजे त्याच्याही आधीचा जमैकन प्रकार. हे वाचताना मला गोव्याची पोरं आठवली, चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेली, रात्री मुंबईच्या हॉटेलात जाझ आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. म्हणजे किंग्स्टनमध्ये ब्रुबेकची रेकॉर्ड ऐकून ती आपल्या ठेक्यावर घेणारी माणसं कोण होती हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, तशी माणसं आपल्याकडे होतीच.

आणि ब्रुबेक स्वतः मुंबईला येऊन गेला होता रे! १९५८मध्ये, अमेरिकन सरकारच्या परराष्ट्र खात्याने त्याच्या ग्रुपला दौऱ्यावर पाठवलं होतं, पोलंड, तुर्कस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, सिलोन असं करत. मुंबईत तो सतारवाल्या अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवायला बसला. त्या दौऱ्यावरून परत गेल्यावर 'कलकत्ता ब्लूज' केलं, आणि इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेल्या नऊच्या ठेक्यावरून 'ब्लू राँडो'. पाचाची चाल आपल्याकडून उचलली असं म्हणून मला उगाच कॉलर ताठ करायची नाही, पण वेगवेगळ्या मात्रांचं जग ऐकून आलेला तो ग्रुप होता आणि पुढच्याच वर्षी 'टेक फाइव्ह' रेकॉर्ड झालं, एवढं तर खरं. शीतयुद्ध चालू होतं, अमेरिकेला दाखवायचं होतं की आमच्याकडे असं स्वतंत्र संगीत आहे. आणि त्याच अमेरिकन चालीला जमैकात जाऊन नाव काय मिळालं, तर 'रशियन्स आर कमिंग'. त्याच नावाचा एक हॉलिवूड सिनेमा १९६६मध्ये येऊन गेला होता, आणि किंग्स्टनवाले सिनेमांची नावं रेकॉर्डला सर्रास द्यायचे, जँगो पण सिनेमातलाच. डेझमंड १९७७मध्ये गेला तेव्हा त्याने 'टेक फाइव्ह'ची रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसला देऊन टाकली, तीसुद्धा गोष्ट मला फार आवडते.

आता मला जे सांगायचंय ते. इतकी वर्षं मला वाटायचं की मला त्या ट्यूनची आठवण येते म्हणजे लीड्सची येते, आपल्या वयाची येते. तसं आहेच थोडं. पण परवा पोरांबरोबर बघताना जाणवलं की ती ट्यून त्या प्रोग्रॅमला इतकी का शोभते. बेनेटने आणि त्याच्या माणसांनी ब्रुबेकच्या चालीचं तेच केलं जे टिम आणि रेक्स वॉशिंग मशीनचं करायचे. उघडली, आत बघितलं, कुठला भाग कशासाठी आहे ते समजून घेतलं आणि हाताशी जे होतं त्यातून परत जोडली, आपल्या पद्धतीने, आणि चालू करून दाखवली. त्यात मूळ मशीनबद्दल भीती नाही, आणि तिला कमी लेखणं पण नाही. मला पोरांना नेमकं हेच शिकवायचं असतं आणि मला ते बोलून कधीच नीट जमत नाही, ती ट्यून पाऊण मिनिटात करते. त्यांनी ती मुद्दाम याच विचाराने निवडली का ते सोड, पण बसली ती अशी बसली.

रेक्स २०१९मध्ये गेला, तुला कळलं होतं का? अल्झायमर झाला होता. जो माणूस 'ब्रम' ती छोटी पिवळी गाडी बनवतो, 'रोबोट वॉर्स' या टीव्हीवरच्या रोबोटांच्या लढाईत उलटा पडला तर स्वतःहून उठणारा कॅसियस नावाचा रोबोट बनवतो, त्याला हा आजार व्हावा याचं मला फार वाईट वाटलं. तुझ्या पोरीला ब्रम आवडायचं ना लहानपणी. टिम अजून कामाला आहे, २०२१पासून 'सीक्रेट लाइफ ऑफ कंपोनंट्स' म्हणून नवीन भाग केले त्याने, चेन, स्प्रिंग, बेअरिंग, एकेका वस्तूवर एकेक. बेअरिंगवर अख्खा भाग करणारा माणूस आहे जगात, यावर तर मी खूश आहे. ते जरूर बघ. आणि लंडनला गेलास तर होबर्नजवळ त्याचं नॉव्हेल्टी ऑटोमेशन आहे, त्याने बनवलेली नाणं टाकून चालवायची यंत्रं ठेवलीत, तिथे जाऊन ये आणि मला फोटो नको, व्हिडिओ पाठव, मशीन चालताना दिसलं पाहिजे.

डिसेंबरमध्ये येतोयस ना? तबला आणू नकोस, इथे माझ्या पुतण्याचा आहे, शाई जरा गेलीये पण चालेल. मी दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ लावतो, तू आधी डेझमंडवर पाच धर आणि मग न थांबता बेनेटच्या चारात ये. मी प्रयत्न करून बघितला, बदलताना मी दर वेळी सम चुकतो. मला ते जंक्शन नीट ऐकायचंय आणि ते तूच करू शकतोस. वर्कशॉपवरच करू, पोरं पण ऐकतील, मग दुपारी शेजारच्या खानावळीत जेवू, तिथला पिठलं-भाकरीचा बेत तुला अजून दाखवायचाय.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. आईची तब्येत बरी आहे, तुझी चौकशी करते.

तुझा,
अव्या

ता.क. चॅपलटाउनकडे कधी गेलास तर जुन्या रेकॉर्डच्या दुकानात बेनेटची ती पंचेचाळीस मिळते का बघ, जरा ओरखडे असले तरी घे, पैसे मी देतो.