मनू, तुझ्या शहरात मी एकटी फिरले

सांगली

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

घर झाडून-पुसून झालं, दूध पुन्हा सुरू केलं, तू दिलेले बदाम शेजारी पोचवले. आता निवांत लिहायला बसले आहे. शिकागोच्या डाउनटाउनला मी एकटी जाऊन आले त्या संध्याकाळी तू दारातच विचारलंस, "कसं झालं?" मी म्हटलं, "छान झालं," आणि कुकर लावायला आत गेले. एवढं बघून आल्यावर माणसाला लगेच बोलता येत नाही. फोटो तुझ्याकडे आहेतच, पण फोटोत इमारती नुसत्या उभ्या दिसतात. त्या चिखलावर उभ्या कशा राहिल्या ते दिसत नाही, आणि मला नेमकं तेच सांगायचंय.

आणखी एक कारण आहे. एका रात्री भांडी आवरताना तू म्हणालीस, "आई, एवढी वर्षं झाली, घर घेतलं, टॅक्स भरतो, तरी हे शहर आपलं वाटत नाही गं. आपण पाहुणेच." मी तेव्हा गप्प राहिले, पण ते वाक्य मनात राहिलं होतं. ते घेऊनच मी तुझ्या शहरात फिरले.

एकटी जाते म्हटल्यावर तुझा चेहरा उतरला. गोळीबाराच्या बातम्या सांगितल्यास, फोनवर लोकेशन चालू करून दिलंस, चार नंबर कागदावर लिहून पर्समध्ये घातलेस. तुझी काळजी मला कळते. पण मनू, मी आजवर जी गावं पाहिली ती कुणाच्या तरी मागून चालत पाहिली. आधी वडिलांच्या, मग तुझ्या बाबांच्या, मग खात्याच्या सहलींमध्ये. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, हे दुसऱ्याने ठरवायचं. या वेळी मला एखाद्या भिंतीसमोर हवा तेवढा वेळ उभं राहायचं होतं आणि "चला आता" म्हणणारं कुणी नको होतं.

तुमच्या नेपरव्हिल उपनगरातून सुटलेली ती दुमजली डब्यांची गाडी युनियन स्टेशनला लागली. तू सांगितलंस तशी मी सरळ बाहेर पडले नाही, आधी 1925 सालच्या त्या मोठ्या हॉलमध्ये लाकडी बाकावर बसले. वर काचेचं छत आहे, ऊन थेट फरशीवर उतरतं. तू रोज याच स्टेशनात उतरतेस आणि त्या हॉलमध्ये कधी बसली नाहीस, असं तूच म्हणालीस. एकदा बस.

तिथून अ‍ॅडम्स स्ट्रीटच्या पुलावर आले आणि सवयीने कठड्यावरून खाली पाहिलं. सांगलीच्या माणसाला पूल दिसला की पाणी किती आहे ते पाहिल्याशिवाय राहवत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. शिकागो नदीचं पाणी हिरवट, संथ. ते सरोवराकडे पाठ करून दक्षिणेला चाललेलं. मूळची नदी उलटी होती, मिशिगन सरोवराला मिळायची. गावाचं सांडपाणी, कत्तलखान्यांची घाण, सगळं नदीतून सरोवरात जायचं आणि पिण्याचं पाणीही त्याच सरोवरातून यायचं. कॉलऱ्याने आणि विषमज्वराने माणसं मरायची. शेवटी त्यांनी 28 मैलांचा कालवा खोदला आणि 1900 च्या जानेवारीत नदीचा प्रवाहच फिरवला. मी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून कालव्यांचे छेद काढण्यात घालवली. उतार फुटाच्या किती अंशाने धरायचा यावर साहेब लोकांची कशी डोकेफोड चालायची ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलंय. त्यामुळे वाहती नदी मागे वळवणं म्हणजे काय, हे मला त्या पुलावर अंगावर काटा येऊन कळलं. अर्थात घाण नाहीशी झाली नाही, ती खालच्या लोकांकडे गेली. मिसूरी राज्य सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1906 मध्ये हरलं. वरच्यांनी काय सोडलं आणि खालच्यांनी काय अडवलं, हे भांडण कृष्णाकाठच्या आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पूल ओलांडला की समोर विलिस टॉवर. वर जायचं तिकीट मी काढलं नाही. मला तो खालूनच पाहायचा होता. 110 मजले, 1450 फूट, आणि 1973 पासून वीस-पंचवीस वर्षं जगात त्याच्याहून उंच इमारत नव्हती. त्याची रचना करणारा इंजिनिअर फजलुर रहमान खान. 1929 चा जन्म, बंगालातला, कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या कॉलेजात शिकलेला, 1952 मध्ये स्कॉलरशिप मिळवून इलिनॉयला आलेला. एवढ्या उंचीवर इमारतीला वजनापेक्षा वाऱ्याचा धक्का जड जातो. त्यावर त्याने काढलेला उपाय असा की 75-75 फुटांच्या नऊ चौकोनी नळ्या उसाच्या मोळीसारख्या एकत्र बांधायच्या, म्हणजे एकीला वारा लागला की बाकीच्या आठ तिला धरतात. मग त्यातल्या दोन 50 व्या मजल्यावर थांबतात, दोन 66 व्या, तीन 90 व्या आणि उरलेल्या दोनच वरपर्यंत जातात. लांबून ती इमारत पायऱ्यापायऱ्यांची दिसते ती यामुळे. तुला ती नुसती काळी आणि रुक्ष वाटते म्हणालीस. आता या नळ्या मोजून बघ. जवळच्या जॅक्सन आणि फ्रँकलिन रस्त्यांच्या चौकाला शहराने खानांचं नाव दिलंय.

रस्ता चुकायची भीती तुला होती, मला ती पहिल्या अर्ध्या तासातच उरली नाही. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे छेदतात तिथे शून्य, आणि तिथून चारी दिशांना घरांचे नंबर वाढत जातात, 800 नंबर म्हणजे एक मैल. ग्राफ पेपरवर आयुष्य काढलेल्या बाईला याहून सोपं गाव कुठलं! पाटी वाचायची की आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

आता त्या भिंतीबद्दल. जॅक्सन रस्त्यावर मोनॅडनॉक नावाची जुनी इमारत आहे, तपकिरी, नक्षीकाम जवळजवळ नाहीच. तिच्यासमोर मी सगळ्यात जास्त वेळ उभी होते. उत्तरेचा अर्धा भाग 1891 चा, सोळा मजले, सगळा भार विटांच्या भिंतींवर. त्यासाठी तळाशी भिंत सहा फूट जाड करावी लागली. खिडकीच्या खोबणीत हात घातला तर माझा आख्खा हात आत गेला. आणि लगेच चिकटून दक्षिणेचा अर्धा भाग, फक्त दोन वर्षांनी बांधलेला, पण पोलादी सांगाड्यावर. त्याच्या भिंती पातळ, खिडक्या मोठ्या, उजेड भरपूर. म्हणजे बांधकामाचा एक अख्खा जमाना एका इमारतीच्या मध्यावर संपतो आणि दुसरा सुरू होतो, आणि आपण फुटपाथवरून चार पावलांत तो ओलांडतो. पुस्तकात लोड बेअरिंग आणि फ्रेम स्ट्रक्चर असे दोन धडे असतात. इथे ते दोन्ही उन्हात शेजारी शेजारी उभे आहेत. खालची जमीन मऊ चिकणमातीची, त्यामुळे एवढ्या वजनाने ती इमारत कित्येक इंच खाली खचली, तरी उभी आहे. दारातून आत गेले तर बोळासारख्या अरुंद वाटेत दुकानं, एक न्हावी, एक कॉफीवाला. पहारेकऱ्याने मला "काही मदत हवी का?" विचारलं. मी म्हटलं, "भिंत बघायला आलेय." तो हसला आणि जिन्याची जाळी बघायला विसरू नका म्हणाला.

हे सगळं बांधकाम इतक्या थोड्या काळात का झालं, तर 8 ऑक्टोबर 1871 ला लागलेल्या आगीने हा भाग जळून गेला होता म्हणून. सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर बेघर झाली, म्हणजे दर तीन माणसांत एक. त्या आगीत पुस्तकंही जळली. इंग्लंडमधल्या लोकांनी वर्गणी काढावी तशी आठ हजार पुस्तकं जमवून पाठवली. ठेवायला जागा नव्हती, तर आगीतून वाचलेल्या पाण्याच्या जुन्या लोखंडी टाकीत 1873 च्या एक जानेवारीला शहराचं सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. मनू, हे वाचलं तेव्हा मी वाचनालयाच्याच जुन्या इमारतीत होते, आता तिला कल्चरल सेंटर म्हणतात. 1897 ची इमारत, आत संगमरवरी जिना, वर टिफनी या काचकामाच्या कंपनीचा तीस हजार काचतुकड्यांचा घुमट, आणि प्रवेशाला एक पैसा नाही. मला आपलं नगरवाचनालय आठवलं. 2019 च्या पुरानंतर गाळात भिजून फुगलेली पुस्तकं बाहेर काढून टाकलेली तू व्हिडिओत पाहिलीस आणि फोनवर रडलीस. तुझं पहिलं कार्ड तिथलं होतं. टाकीतून सुरू झालेलं वाचनालय त्या घुमटापर्यंत पोचलं, आणि त्याला निम्मी वाट परक्या गावातल्या अनोळखी लोकांनी चालवलं. तिथे एका कोपऱ्यात बेघर माणसं खुर्च्यांवर बसून पेपर वाचत होती, कुणी त्यांना उठवत नव्हतं. ही गोष्ट मला त्या घुमटाइतकीच मोठी वाटली.

डबा मी नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून खाल्ला. धपाट्यांचा वास शेजारच्या बाकापर्यंत गेला असणार, कारण तिथल्या तरुण पोरीने विचारलंच. तिला अर्धं दिलं. ती आयोवाची, नोकरीसाठी आलेली, या शहरात नवी. ती म्हणाली की सुट्टीच्या दिवशी एकटीला कुठे जावं कळत नाही. मी तिला मोनॅडनॉकचा पत्ता सांगितला! शिकागोचा पत्ता, सांगलीच्या बाईने.

सगळं छानच होतं असं लिहिणार नाही. वॉबॅश रस्त्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा तो उंच लोखंडी रेल्वेमार्ग डोक्यावरून जातो. गाडी आली की बोलणं थांबवावं लागतं. त्याच्या खांबांशी पुठ्ठा धरून बसलेली माणसं पाहिली, त्यात माझ्या वयाची एक बाई होती. स्टेट स्ट्रीटवर मोठ्या काचांची बंद दुकानं दिसली. एवढ्या श्रीमंतीच्या पायथ्याशी हे असावं, याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

मिलेनियम पार्कमधल्या बीनपाशी, म्हणजे घेवड्याच्या दाण्यासारख्या त्या शिल्पापाशी, सगळेच जातात, मीही गेले. चकचकीत पोलादाच्या 168 पत्र्यांची ती, सांधा एकही दिसत नाही. ती घडवणारे अनिश कपूर मुंबईत जन्मलेले. आणि ज्या बागेत ती आहे ती बाग खरं तर छप्पर आहे, खाली रेल्वेचे रूळ आणि गाड्यांचा तळ. ही गोष्ट नातीला सांग, तिला आवडेल.

तिथून पुढे मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर ब्राँझच्या सिंहांचं आर्ट इन्स्टिट्यूट. याच इमारतीत 11 सप्टेंबर 1893 ला विवेकानंद बोलले, हे तुला शाळेपासून माहीत आहे. रस्त्यावर त्यांच्या नावाची तपकिरी पाटीही आहे. पण मला त्या भाषणाच्या आधीचे दिवस आठवत होते. चरित्रांत लिहिलंय की त्यांच्याकडचा पत्ता हरवला, रात्र त्यांनी रेल्वेच्या यार्डात एका डब्यात काढली, सकाळी दारोदार विचारलं तर लोकांनी हाकललं. थकून रस्त्याकडेला बसले असताना समोरच्या घरातून श्रीमती हेल बाहेर आल्या आणि त्यांना आत घेऊन गेल्या. पुढे 2010 मध्ये मुंबईच्या जितिश कल्लाट यांनी त्याच भाषणाची अक्षरं तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी लिहिली होती, आणि रंग घेतले होते अमेरिकन सरकारच्या दहशतवादाच्या धोक्याच्या इशाऱ्याचे. ते पाहायला तेव्हा मी तिथे हवी होते.

शेवटी उत्तरेच्या पुलावर गेले. तिथे झां बाप्तिस्त प्वां दु साब्ल यांचा अर्धपुतळा आहे. आफ्रिकी वंशाचा व्यापारी, अठराव्या शतकाच्या अखेरीस नदीच्या मुखाशी घर करून राहिलेला, बायको किटिहावा पोटावाटोमी या मूळनिवासी जमातीची. मूळनिवासी सोडले तर शहर त्याला आपला पहिला कायमचा रहिवासी मानतं. पुलाला त्याचं नाव 2010 मध्ये मिळालं, म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त वाट पाहून. आणि ज्यांची ही जमीन होती त्या पोटावाटोमींना 1833 च्या तहाने पश्चिमेला जावं लागलं. तेव्हा कुणाचं शहर आणि कोण पाहुणा, हे त्या पुलावर उभं राहून नीट विचार करून बघ. बाहेरून आलेल्यांनी पाया घातला, नदी वळवली, मोळी बांधली. तुझा सकाळचा लोकलचा पास, तुझ्या लेकीची शाळा, तू भरतेस तो कर, हेही त्याच बांधकामात आहे. तुला परकं वाटण्याचं दुःख मी नाकारत नाही. माझ्याच दारातून तू गेलीस, मला ते रोज कळतं. पण पाहुणी म्हणून अंग चोरून राहू नकोस.

येत्या शनिवारी लॅपटॉप घरी ठेव आणि नातीला घेऊन जा. आधी मोनॅडनॉक, मग वाचनालयाचा घुमट, डबा नदीकाठी. तिथली पायवाट पुलांच्या खालून जाते, तिथे वारा फार असतो, तिला स्वेटर घाल. पुलावर उभी राहून तिला विचार, पाणी कुठल्या दिशेला चाललंय आणि का? ती काय म्हणाली ते मला कळव. तुमच्या सकाळी फोन केलास तर मी जागीच असते.

जावईबापूंना आशीर्वाद, छोटीला खूप पापे. मेतकूट आणि गोडा मसाला करून ठेवलाय, दिवाळीत ओळखीचं कुणी तिकडे येणार आहे, त्यांच्याबरोबर पाठवते.

तुझी,
आई