पेट्रोलच्या कॅनबाबत सर्व सभासदांना सूचना

मंडळी, रविवारी सराव आहे आणि इंदूरचं ऊन आत्ताच डोक्यावर आलंय, म्हणून लिहितो. मागच्या खेपेला एका गाडीच्या डिकीत सोयाबीन तेलाचा प्लॅस्टिकचा डबा निघाला. आत पेट्रोल, झाकणाखाली पिशवीचा तुकडा, डबा फुगून ढोल झालेला. झाकण सैल केलं तर सुस्कारा टाकावा तशी वाफ बाहेर आली. (तो डबा कोणाचा, हे ज्याचं त्याला ठाऊक आहे!)

यापुढे पत्र्याचाच, घट्ट झाकणाचा कॅन आणायचा. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विनापरवाना पेट्रोल एका माणसाकडे एकूण 30 लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही विक्रीसाठी नाही; पत्र्याचा एक कॅन 25 लिटरहून मोठा चालत नाही. आपल्याला 10 लिटरचा पुरे, उचलतानाही कंबर वाचते.

भरताना कॅन डिकीतून उतरवून जमिनीवर ठेवा आणि नळीचं तोंड कॅनच्या कडेला टेकलेलं असू द्या, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं.

घरी जनरेटर किंवा गवत कापायचं मशीन असेल तर इंजिन थंड झाल्यावरच भरा. टू-स्ट्रोक मशीनचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल वेगळ्या कॅनमध्ये ठेवून वर ठळक लिहा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते. तेव्हा कॅन स्वयंपाकघराशेजारी किंवा देवघराच्या समईजवळ नको.

रविवारी कॅन पाहूनच आत सोडणार.