नातीच्या पोटदुखीविषयी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

तुमच्या नातीच्या सोनोग्राफीत ‘पोटात गाठी’ दिसल्याचे ऐकल्यापासून आईचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, असे बाबा फोनवर म्हणाले, म्हणून आधी तेच लिहितो. आतड्यांजवळच्या लसिका ग्रंथी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या छोट्या गाठी, पाच-सहा मिलिमीटरच्या दिसणे निरोगी मुलांतही नेहमीचे असते. डॉक्टरांनी तिचे वजन, उंची व पोट तपासून आणि रक्त, लघवी व शौचाचे अहवाल पाहून क्षयाची शंका घेण्याचे कारण नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. आई, तू निर्धास्त राहा.

मात्र अहवाल चांगले आले म्हणून तिचे दुखणे खोटे ठरत नाही. रविवारी संध्याकाळी दप्तर भरताना ती बेंबीवर तळहात दाबून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते आणि तिचा चेहरा पांढरा पडतो. आतडी आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची देवाणघेवाण चालते. काही मुलांच्या आतड्यांच्या नसा इतक्या हळव्या होतात की साधा वायू किंवा साठलेला मळही त्यांना कळ म्हणून जाणवतो, आणि काळजीने ती कळ वाढते. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १९५८ साली हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा दहांतील साधारण एका मुलाला असे वारंवार पोट दुखत असल्याचे दिसले होते, आणि त्यांतील बहुतेकांत कोणताही शारीरिक आजार सापडला नव्हता.

बाबा, चौथीत स्कॉलरशिपच्या परीक्षेआधी माझे पोट दुखे, तेव्हा तुम्हाला ते शाळा बुडवण्याचे ढोंग वाटले होते. त्या वेळी हे कोणी समजावून सांगणारे नव्हते, त्यामुळे माझ्या मनात राग नाही. पण तो शब्द तिच्या कानावर पडू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

आमच्याकडून एक गोष्ट सुटली होती. शाळेतले स्वच्छतागृह घाण असल्यामुळे ती दिवसभर शौचास जाणे टाळते आणि घरी येईपर्यंत शौचाची भावना मरून गेलेली असते. मळ मऊ करणारी पावडर डॉक्टरांनी पाण्यातून सुरू केली असून ती काही महिने द्यायची आहे. तिची सवय लागत नाही. तेव्हा दिवाळीत ती तुमच्याकडे आल्यावर कृपया एरंडेल देऊ नका. हिंगाचा लेप अवश्य लाव, आई. तुझ्या हाताची ऊब मला अजून आठवते. न्याहारीनंतर आतडी आपोआप हलू लागतात, त्या वेळी तिला कमोडवर दहा मिनिटे, पायांखाली पाट देऊन, घाई न करता बसवा.

दर तासाला ‘दुखतंय का?’ असे विचारू नका. तिने सांगितले तर जवळ घ्या आणि मग अंगणात रांगोळीला किंवा किल्ल्याच्या मातीला तिचे हात लावा. मात्र पोटदुखीने ती रात्री झोपेतून उठली, उजव्या बाजूला खाली सतत दुखू लागले, हिरवी उलटी झाली, शौचातून रक्त दिसले किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता तिला डॉक्टरांकडे न्या आणि मला कळवा. पावडरचा डबा तिच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतो.

तुमचा मुलगा