साठ दिवसांच्या नोटिशीबद्दल आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ताईने पाठवलेले बँकेच्या नोटिशीचे फोटो मी नीट वाचले आणि इथल्या माझ्या वकील मैत्रिणीलाही दाखवले. फोनवर आपले बोलणे झाले खरे, पण बोलता बोलता बाबा गप्प होतात, आणि आई, तू विषय जेवणाखाण्याकडे वळवतेस. म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे. हे पत्र दोघांनी मिळून, नोटीस समोर ठेवून वाचावे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की धरा. घर गेलेले नाही. या नोटिशीने घराची मालकी बदललेली नाही आणि ताबाही बदललेला नाही. मात्र इथून पुढे ठरावीक तारखांना आपले एकेक हक्क संपत जातात, आणि कोणता हक्क कधी संपतो हे ठाऊक असले तरच आपल्याला काही करता येईल.

बाबांच्या शस्त्रक्रियेनंतर गोव्यात साखळीच्या बाजारातले आपले दुकान बंद राहिले आणि घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेला ते खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरवावेच लागते; तिथे शाखाधिकाऱ्याच्या मर्जीला किंवा ओळखीला जागा उरत नाही. बाबा, तुम्ही म्हणालात की इतकी वर्षे हप्ता न चुकवता भरला आणि शेवटी हा अपमान वाट्याला आला. मला तो अपमान वाटत नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा आपल्या साखळी-डिचोलीतल्या कितीतरी ट्रकमालकांचे हप्ते थकले. ती कष्टाळू आणि सचोटीची माणसे होती, आणि तुम्हीच त्यांना उधारीवर माल देत होता. आजारपणात थकलेल्या हप्त्यांची लाज बाळगून गप्प बसलो तर नुकसान फक्त आपलेच होईल.

आता नोटिशीबद्दल. ती २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली आलेली आहे. या कायद्याने बँकेला दिवाणी न्यायालयात दावा न लावता तारण ठेवलेले घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला आहे, पण त्यासाठी पायऱ्या ठरवून दिल्या आहेत, आणि त्यांतली एकही बँकेला गाळता येत नाही. पहिली पायरी ही नोटीस. नोटिशीच्या तारखेपासून साठ दिवसांच्या आत संपूर्ण येणे भरा, असे ती सांगते. संपूर्ण म्हणजे केवळ थकलेले हप्ते नव्हेत, कर्जाची सगळी शिल्लक. तो आकडा पाहूनच बाबांचा धीर सुटला असणार. प्रत्यक्षात थकबाकी पूर्ण भरून खाते नियमित होत असेल तर बँका सहसा पुढची कारवाई थांबवतात, आणि आपला पहिला प्रयत्न तोच राहील. पण इथे एक खाच आहे. एकदा एनपीए झालेले खाते थकलेले व्याज आणि मुद्दल सगळेच्या सगळे भरल्याशिवाय पुन्हा नियमित धरले जात नाही. म्हणून बाबा, दर आठवड्याला गल्ल्यातले थोडे पैसे नेऊन भरण्याने कारवाई थांबेल असे समजू नका. ताई आणि मी मिळून सगळी थकबाकी एकरकमी भरणार आहोत. आमची ठेव मोडते आहे याचे दुःख करू नका, ती अशाच वेळेसाठी होती.

या साठ दिवसांत आपल्याला लेखी हरकत घेता येते. कलम १३(३अ) प्रमाणे ती हरकत मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने उत्तर द्यायचे असते, आणि हरकत मान्य नसेल तर कारणे कळवायची असतात. त्या उत्तरावर लगेच कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येत नाही, म्हणून अनेक जण हरकत लिहिण्याचा कंटाळा करतात. मला ते चुकीचे वाटते, कारण पुढे प्रकरण वाढले तर आपण वेळेत काय सांगितले होते याचा पहिला पुरावा तोच कागद असतो. आपल्या हरकतीत दोन मुद्दे ठेवायचे आहेत. नोटिशीत दंडाची रक्कम वेगळी दाखवलेली नाही, ती व्याजातच मिसळल्यासारखी दिसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. तेव्हा खात्याचा संपूर्ण उतारा मागायचा.

दुसरा मुद्दा कुळागराचा. नोटिशीच्या शेवटी मालमत्तेचे वर्णन आहे, ते पाहा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस व्हाळ. म्हणजे घरामागच्या पोफळी, माड आणि मिरवेली सगळ्या त्या चार सीमांत आल्या. शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी कायदा लागू होत नाही, असे कलम ३१ सांगते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तिथे बागायत अशी नोंद आहे, पण एवढी नोंद पुरत नाही. तारण दिले तेव्हा तिथे खरोखर बागायत होती हे आपल्याला दाखवावे लागेल, म्हणून सुपारी विकल्याच्या जुन्या पावत्या शोधून ठेवा. आई, त्या बहुधा तुझ्या लोखंडी ट्रंकेत असतील. मात्र या मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका. कुळागर या कायद्यातून सुटले तरी कर्ज सुटत नाही, आणि राहत्या घराला ही सूट नाही.

बाबा, तुम्ही फोनवर सुचवलेत की घर माझ्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकू, म्हणजे बँक हात लावू शकणार नाही. कृपा करून हा विचार सोडून द्या. नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण मालमत्ता विकणे, भाड्याने देणे किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित करणे कलम १३(१३) ने मना केलेले आहे, आणि नाव कोणाचेही लागले तरी तारण घरावर राहतेच. शिवाय आपल्या हेतूबद्दलच शंका घेतली जाईल.

साठ दिवस असेच गेले तर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. हा ताबा बहुतेक वेळा आधी कागदोपत्री असतो; घराच्या दर्शनी भागी नोटीस चिकटवतात आणि सात दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. तेव्हा तुम्हाला घराबाहेर काढले जात नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँका कलम १४ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्यासाठी उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, अर्ज करतात आणि पोलिसांची मदत त्या आदेशावरून मिळते. म्हणून कोणी वसुलीवाला दारात उभा राहून उद्या कुलूप लावतो म्हणाला, तर त्याला आदेश दाखवायला सांगा. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्याची त्यांना मुभा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोभाटा करण्याचीही नाही.

ताब्याची कारवाई झाली की त्या दिवसापासून पंचेचाळीस दिवसांत कलम १७ प्रमाणे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. गोव्यातल्या प्रकरणांसाठी ते मुंबईला आहे. दिवाणी न्यायालयाला या विषयात अधिकार नसल्यामुळे डिचोलीच्या कोर्टात मनाईचा दावा लावून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मुंबईच्या या अर्जासाठी थकबाकीचा काही भाग आधी भरण्याची सक्ती नाही. पूर्वी पंचाहत्तर टक्के भरण्याची अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात रद्द केली.

आणि आता ज्या टप्प्याची मला खरी काळजी वाटते तो सांगते. लिलावापूर्वी बँक मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत ठरवून घेते, राखीव किंमत लावते आणि कर्जदाराला विक्रीआधी तीस दिवसांची सूचना देते. लिलावाचा हातोडा पडेपर्यंत पैसे भरून घर सोडवता येते, असा जुना समज आहे आणि बाबांचाही तोच आहे. २०१६ च्या दुरुस्तीने हे बदलले. आता लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याआधीच संपूर्ण येणे भरले, तरच घर सोडवण्याचा हक्क राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्सच्या निकालात तसे स्पष्ट केले आहे. त्या जाहिरातीनंतर पैसे घेऊन धावलो तरी ते बँकेच्या इच्छेवर राहील, आपल्या हक्कावर नाही. म्हणून ‘बघू पुढे’ म्हणण्याला या प्रकरणात जागा नाही.

थकबाकी भरूनही पुढचे हप्ते झेपणार नाहीत असे दिसले, तर माझे मत स्पष्ट आहे. आधी मुदत वाढवून मागू. वयामुळे बँक खळखळ करील, म्हणून मी सहकर्जदार व्हायला तयार आहे. तेही जमले नाही, तर बँकेची लेखी संमती घेऊन रस्त्याकडचा तुकडा आपणच विकू. लिलावात घेणारा स्वस्तातच मागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. विक्रीतून जास्त आले तर उरलेली रक्कम बँकेने परत द्यायची असते, पण कमी आले तर बाकीच्या रकमेसाठी बँक पुन्हा आपल्याच मागे लागते. राहते घर वाचावे म्हणून जमिनीचा तुकडा देण्यात कमीपणा नाही, बाबा. आजोबांनी तो तुकडा अडीअडचणीलाच घेतला होता, हे तुम्हीच आम्हाला सांगत आलात.

आई, तुझ्यासाठी वेगळे लिहिते. नोटिशीवर तुझेही नाव आहे म्हणून तू घाबरलीस, असे ताई म्हणाली. ते नाव असायलाच हवे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे त्या घरात अर्धा वाटा तुझा आहे आणि म्हणूनच कर्जाच्या वेळी तुझी सही घेतली होती. तेव्हा हरकतीवरही तुझी सही लागेल, आणि ती काय आहे हे समजून घेऊनच तू करावीस. आणखी एक उपयोगाची गोष्ट: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ताई तुला उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जाईल. सोबत आधार कार्ड आणि नोटिशीची प्रत ठेव.

बँकेची पुढची पाकिटे परत पाठवू नका. पोस्टमनला ‘घरी नाहीत’ सांगितल्याने नोटीस टळत नाही, ती दारावर चिकटवून आणि वर्तमानपत्रात छापूनही लागू करता येते. पाकीट घ्या, त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच दिवशी फोटो पाठवा.

हरकतीचा मसुदा मी या पत्रासोबत पाठवते आहे. दोघांनी वाचून सह्या कराव्यात, स्पीड पोस्टाने एक प्रत पाठवावी आणि दुसरी ताईबरोबर शाखेत नेऊन शिक्क्यासह पोच घ्यावी. शाखेत कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नये. थकबाकीचा नेमका आकडा त्यांच्याकडून लेखी मागून घ्यावा. तो हाती आला की त्याच दिवशी मी रक्कम भरते, आणि पुढच्या शनिवारी घरी येते.

आपली,
सुजाता