‘चौकशीसाठी मला फोन करा’ असं लिहिणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझे वडील, आण्णा, गेले. वय झालं होतं. स्वतःच्या अंथरुणावर, घरचे सगळे जवळ असताना गेले. तेराव्याला तुम्ही आलात, मागच्या बाजूला बसलात, आईशी दोन शब्द बोललात आणि पंगत बसायच्या आत निघूनही गेलात. माणसांच्या ये-जा करण्यात तुमच्याशी बोलायचं राहिलं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. कोरोनाच्या काळात गावाला बातम्या देताना तुम्ही काय केलंत ते आपल्या गावानं एकदा नीट ऐकावं असं मला वाटतं.

23 मार्च 2020 ला इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एकाच घरातल्या चौघांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. महिना संपेपर्यंत आकडा पंचवीसच्या आसपास गेला. वाळवा तालुका नकाशात कुठं आहे हे ज्यांना माहीत नव्हतं, त्या चॅनेलांवर आपलं गाव दिवसभर दिसायला लागलं. मी पुण्यात होते. आईला फोन लावला की ती एक सांगायची, शेजारच्या काकू दुसरं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिसरंच आलेलं असायचं. अमक्या गल्लीत दहा जण सापडले. तमका भाजीवाला दवाखान्यातून पळून आलाय. दूध घेऊ नका, पेपरला हात लावू नका. पेपर तर तसाही धड मिळत नव्हता. 18 एप्रिलच्या सरकारी आदेशात घरोघरी पेपर टाकायलाच मनाई आली.

तेव्हा रोज संध्याकाळी तुमचा निरोप यायचा. जिल्हा प्रशासनाचा आकडा हातात आल्याशिवाय तुम्ही आकडा दिला नाही. उशीर झाला तर लिहायचात, ‘आकडा अजून आलेला नाही, कृपया अंदाज पुढे पाठवू नका.’ मग खाली गावाच्या कामाच्या गोष्टी. उद्या कुठलं मेडिकल उघडं, भाजीची गाडी कुठल्या भागात किती वाजता, रक्त कुणाला हवंय, तासगावकडच्या एका शेतकऱ्याची द्राक्षं बाजार बंद असल्यानं पडून आहेत, कुणाला हवी असतील तर सांगा. माझी आई, जिला मोबाईलवर फोन उचलण्यापलीकडं काही येत नव्हतं, ती तुमचा निरोप वाचता यावा म्हणून शेजारच्या मुलीकडून व्हॉट्सअ‍ॅप शिकली.

त्या कुटुंबाची नावं, फोटो, घराचा पत्ता, सगळं लोकांच्या मोबाईलवर फिरत होतं. त्यावर काय काय लिहिलं जात होतं ते इथं परत लिहायची माझी इच्छा नाही. तुमच्या एकाही निरोपात ते नाव आलं नाही. तुम्ही कायम ‘आपल्या गावातले रुग्ण’ असंच म्हणालात. आणि एप्रिलमध्ये ते बरे होऊन मिरजेहून परत यायला लागले, तेव्हा तुम्ही ती बातमी सगळ्यात वर घातलीत. ते आजारी असताना गावभर ओरडत फिरलेल्यांना ते बरे झाल्यावर लिहायला वेळ मिळाला नाही.

मग आमच्यावर वेळ आली. सप्टेंबरमध्ये सांगली जिल्ह्यात खाटा मिळत नव्हत्या. आण्णांना ताप आला, दम लागायला लागला. एका खासगी दवाखान्यानं तपासायच्या आधी अनामत किती भरता ते विचारलं. त्या फेऱ्यांबद्दल जास्त लिहीत नाही. शेवटी मिरजेला सरकारी दवाखान्यात जागा मिळाली आणि तिथल्या लोकांनी त्यांना जपलं. आई घरात एकटी, तिचाही अहवाल पॉझिटिव्ह. मी पुण्यात तापानं आडवी, दुसऱ्या खोलीत लहान मूल. मला भाऊ-बहीण नाही.

आणि दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी आण्णांचा फोटो फिरायला लागला. एस.टी.चा खाकी गणवेश, निवृत्तीच्या दिवशी डेपोत काढलेला हार घातलेला फोटो. वर लिहिलेलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. गावातल्या एका बातम्या देणाऱ्यानं तो सगळ्यांच्या आधी टाकला होता. आण्णा त्या वेळी मिरजेत ऑक्सिजनवर होते आणि नर्सकडं चहा मागत होते.

आईचा फोन थांबेना. आख्खी हयात वाहक म्हणून काढलेला माणूस, त्याला ओळखत नाही असं तालुक्यात कोण होतं? बोरगावपासून शिराळ्यापर्यंत लोक फोन करत होते, रडत होते, ‘कधी नेणार’ विचारत होते. तापात फणफणलेली माझी आई प्रत्येकाला सांगत होती, ‘न्हाई वो, हायत ते, बरं हायत.’ सांगता सांगता तिला स्वतःलाच शंका यायला लागली. रात्री तिनं मला विचारलं, ‘तुम्ही लपवीत तर न्हाई ना माझ्यापास्नं?’

त्या रात्री तुमचा फोन आला. मी तुम्हाला ओळखत नव्हते, नंबर तुम्ही कुणाकडून मिळवलात तेही माहीत नाही. तुम्ही म्हणालात, ‘ताई, बातमी घ्यायला फोन नाही केला. काय लिहिलेलं तुम्हाला चालणार नाही, तेवढं सांगा.’

दादा, त्या सगळ्या काळात मला खूप जणांनी खूप काही विचारलं. ऑक्सिजन किती, कुठं भेटले कुणाला, लागण कशी झाली, मुलगी असून आली कशी नाही. काय चालणार नाही हे फक्त तुम्ही विचारलंत. मला बोलताच येईना. तुम्ही घाई केली नाही, ‘सावकाश सांगा’ म्हणून फोन धरून थांबलात. मग मी म्हणाले, नाव नको, गल्ली नको, फोटो नको. आणि आईचा फोन थांबला पाहिजे.

दुसऱ्या दिवशीच्या निरोपात तुम्ही लिहिलंत: ‘आपल्या एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका काकांबद्दल खोटी बातमी फिरते आहे. ते उपचार घेत आहेत. घरच्यांना कृपया फोन करू नका. चौकशीसाठी मला फोन करा.’ खाली तुमचा नंबर.

आईचा फोन त्या संध्याकाळी शांत झाला. ती झोपली. तेवढी झोप तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा लागली. आमच्या वाटचे फोन मग तुमच्याकडं यायला लागले असणार, किती आले ते तुम्ही कधी बोलला नाहीत. रोज सकाळी मला विचारायचात, ‘आज काय सांगू लोकांना?’ आणि मी सांगेन तेवढंच सांगायचात, एक शब्द जास्त नाही.

आण्णा घरी आले तेव्हा आईनं त्यांना तो निरोप दाखवला. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘नाव न्हाई घातलं, पर माझीच बातमी हाय ही. पोरगं भलं हाय.’ पुढं चौकात तुम्ही दिसलात की ते हात वर करायचे, ते याच्यासाठी.

ज्यानं तो हार घातलेला फोटो टाकला, त्यानं नंतर तो गुपचूप काढून टाकला. आमच्याकडं चुकलं म्हणून एक शब्द नाही. आजही तो गावात बातम्या देतो आणि सगळ्यात पुढं असल्याचं सांगतो. माझ्या आईनं जिवंत नवऱ्याच्या नावानं सांत्वनाचे फोन घेतले, हे त्याला कुणीतरी सांगावं म्हणून मी इथं लिहिते आहे.

आणि तुम्ही हे सगळं कशाच्या जिवावर करत होतात? 2 सप्टेंबर 2020 ला पुण्यात टीव्ही नाईनचे पत्रकार पांडुरंग रायकर कोरोनानं गेले. रुग्णवाहिकेसाठी त्यांच्या घरच्यांची आणि सहकाऱ्यांची झालेली धावाधाव सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. एवढ्या मोठ्या शहरातल्या, एवढ्या ओळखीच्या पत्रकाराची ही गत, तर तालुक्याच्या गावात दुचाकीवरून फिरणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं राहणार होतं? तुमच्याही घरी म्हातारे आई-वडील होते. तरी दुसऱ्या लाटेतही, 2021 च्या त्या भयानक एप्रिल-मे मध्ये, तुमचा निरोप चुकला नाही. मृत्यूच्या आकड्यापुढं तेव्हाही तुम्ही ‘आपली माणसं’ असंच लिहीत होतात. भलेपणा म्हणजे मला तरी आता एवढंच कळतं: दुसऱ्याच्या दुःखाला हात लावायच्या आधी विचारणं. त्याला शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. आपल्या गावात अशी माणसं अजून आहेत. मोठ्या आवाजाच्या लोकांपुढं ती दिसत नाहीत, इतकंच.

एक विनंती आहे. तुमचे त्या दीड-दोन वर्षांतले बरेच निरोप आईच्या जुन्या मोबाईलमध्ये अजून आहेत. गावाचा तेव्हाचा इतका खरा हिशेब दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही. तुमची परवानगी असेल तर ते तारखेनुसार लावून, बांधून, एक प्रत तुम्हाला आणि एक गावातल्या वाचनालयात द्यायची आहे. माझ्याकडं मार्च ते मे 2020 चे काही निरोप कमी आहेत. तुमच्याकडं असतील तर आईकडं द्या, नाहीतर मी पुढच्या रविवारी येते आहे तेव्हा स्वतः घेऊन जाईन. येताना जेवायला मात्र आमच्याकडं थांबायचं. तेराव्याचं जेवण राहिलंय म्हणून आई अजून बोलते आहे.

आपली,
एका निवृत्त वाहकाची मुलगी