टोकियोतील अनामिक सुहृदांचे जाहीर आभार

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीचा व्यापार करणारा मी नुकताच कामानिमित्त टोकियोला जाऊन आलो; ज्यांची नावेही विचारायची राहून गेली, त्या तेथील सर्वांचे मनःपूर्वक आभार. चालकाविना धावणाऱ्या युरिकामोमे गाडीचे तिकीट काढून देऊन फलाटापर्यंत सोबत आलेल्या आजीबाई, आणि २०१८ मध्ये त्सुकिजीहून हलवलेल्या तोयोसू बाजारात, आपल्या कुपा माशाचा थोरला भाऊ शोभावा अशा ट्यूनाच्या शेपटीकडील कापावर बॅटरीचा उजेड टाकून चरबी कशी पारखावी हे खुणांनी समजावणारे व्यापारी, यांचा मी विशेष ऋणी आहे. (तेथे माश्या घोंगावत नव्हत्या, हे बंदरावर कोणी खरे मानत नाही!) बसपर्यंत माझी बॅग आणणाऱ्या हॉटेलातील तरुणाने बक्षिसी नम्रपणे नाकारली, त्याचेही आभार येथेच मानतो.