खुर्चीत बसण्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल

प्रिय ताई,

दातांच्या उपचाराला घाबरणारा रुग्ण तुम्ही आमच्या खुर्चीत आणून बसवता तेव्हा त्याचे खांदे उतरलेले असतात, मुठी सुटलेल्या असतात. बाहेरच्या दहा मिनिटांत तुम्ही हे कसं साधता, ते इतर दवाखान्यांनाही कळावं म्हणून हे आभार सर्वांसमोर मानतो आहोत.

‘घाबरू नका’ असं तुम्ही कुणालाच म्हणत नाही. आधी विचारता, भीती नेमकी कशाची? सुईची, ड्रिलच्या आवाजाची की गुदमरण्याची? आणि रक्त किंवा सुई पाहून कधी चक्कर आली होती का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. चक्कर येणाऱ्याचा रक्तदाब एकदम खाली येतो. त्याला अंग सैल सोडायला सांगितलं तर तो आणखी लवकर कोसळेल. त्याला तुम्ही उलटं शिकवता: हात, पोट, मांड्या 10 ते 15 सेकंद घट्ट आवळायच्या, चेहऱ्यावर ऊब जाणवली की नेहमीसारखं बसायचं, 20-30 सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. रक्तदाब आधीच वाढलेला असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आम्हाला विचारल्याशिवाय तुम्ही हे करून घेत नाही.

बाकीच्यांसाठी श्वास. पोटावर हात, नाकाने चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. लोक छाती भरभरून भराभर श्वास घेतात. मग शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती दुप्पट होते. तुम्ही लगेच ‘मोठा नको, सावकाश घ्या’ म्हणता. उपचार चालू असताना, तोंडात पाणी असताना नाकानेच श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे हा सराव पुढेही कामी येतो.

स्नायूंचा व्यायाम पायांपासून: पाच सेकंद ताण, वीस सेकंद सैल. घाईत लोक सैल सोडण्याची वेळ कापतात, खरा गुण तर तिथेच. जबडा मात्र तुम्ही आवळू देत नाही. दात विलग ठेवून जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवायला सांगता. दुखऱ्या जबड्याच्या रुग्णांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

भुलेच्या इंजेक्शनात ॲड्रेनालिन असेल तर काही मिनिटं छाती धडधडू शकते, हे तुम्ही आधीच सांगून ठेवता. नाहीतर रुग्णाला वाटतं, भीती हाताबाहेर गेली.

डावा हात वर केला की काम थांबेल, हा शब्दही तुम्हीच देता. आमच्या हातातलं ड्रिल थांबवायला तुम्ही कधीच कचरत नाही, याबद्दल विशेष आभार. एकदा जरी तो हात दुर्लक्षिला गेला, तरी वरचं सगळं फुकट जातं.

आणि ज्यांना एवढ्याने भागत नाही, त्यांची नावं तुम्ही आम्हाला पुढच्या भेटीच्या आदल्या दिवशीच कळवता. सेडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, द्यायचं का, याचा विचार त्यामुळे घाईत करावा लागत नाही.

मनापासून आभार.

तुमच्यासोबत काम करणारे
आम्ही सगळे दंतवैद्य